टरबुजाचे पस्तीस दिवस

मुलांनो, उन्हाळा आला की बाजारात कलिंगडांचे ढीग लागतात. मोठी माणसं एकेक फळ उचलतात, कानाशी धरतात आणि बोटानं टकटक वाजवून बघतात. जणू आत कुणी राहतंय आणि आता दार उघडणार आहे! खरं तर त्यांचंही बरोबर आहे. आंबा पिकला की रंग बदलतो, वास सुटतो. कलिंगड मात्र आपलं गुपित पोटात ठेवतं. कापल्याशिवाय आतलं दिसत नाही आणि एकदा कापलं की पुन्हा मिटवता येत नाही. शिवाय कच्चं तोडलं तर घरात ठेवून ते पिकतही नाही. वेलावर असेपर्यंतच काय ती गोडी भरते.

मग वेलावरचं फळ तोडायचं कधी? हे कळायला किती धीर लागतो, ते मला माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळे कळलं. तिचं खरं नाव सांगत नाही. आपण तिला चिमणी म्हणू. आणि हो, आमच्या बीड जिल्ह्यात कलिंगडाला टरबूज म्हणतात, तेव्हा मीही आता टरबूजच म्हणणार बरं का!

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या भागात दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव रिकामं होतं. घराघरांतली माणसं ऊस तोडायला साखर कारखान्यांच्या भागात जातात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको दोघं मिळून तोडणी करतात. त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत काम करावंच लागतं. राहायला उसाच्या फडाजवळ कोप्या. लहान लेकरं बहुतेक बरोबरच जातात. मग शाळा सुटते ती पाच-सहा महिने. परत आली की पाढे विसरलेले, वाचन अडखळणारं.

चिमणी तिसरीत असताना अशीच गेली होती. चौथीला मात्र तिच्या आईनं ठरवलं, या वर्षी लेकीला आजीजवळ ठेवायचं. ही २०२३ च्या दिवाळीची गोष्ट. निघण्याआधी ती मला भेटायला आली.

"बाई, आवंदा पोरीला ठेवून चाललेय. पण तिचं मन लागलं नाही तर निरोप धाडा. येऊन घेऊन जाईन."

दोन महिने बरे गेले. संक्रांत जवळ आली तशी चिमणी गप्प गप्प राहू लागली. रोज एकच प्रश्न, "बाई, आई कधी येणार?"

"कारखाना बंद झाला की."

"कारखाना कधी बंद होणार?"

याचं उत्तर कुणाजवळच नव्हतं. ऊस संपला की कारखाना बंद होतो, त्याची तारीख कॅलेंडरात छापलेली नसते. मोठ्या माणसांना असं वाट बघणं जमतं, पण नऊ वर्षांच्या मुलीनं बोटं मोजायची ती कशावर? दोन दिवस ती शाळेतच आली नाही. संध्याकाळी मी घरी गेले, तर आजी म्हणाली, "जेवत नाही लेकरू. निरोप धाडू का बाई?"

"आठ दिवस थांबा आजी," मी म्हटलं.

आमच्या भाड्याच्या घरामागे परस आहे. दोन खाटा मावतील एवढाच, पण सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत ऊन असतं. कृषी सेवा केंद्रातून मी 'शुगर बेबी' नावाच्या टरबुजाच्या बियांची पुडी आणली. ही जुनी जात आहे. फळ लहान, गोल, गडद हिरवं. शेतात ते तीन-चार किलोंचं होतं, परसात त्याहून लहान. चार माणसांनी एका बैठकीत संपवावं आणि फ्रीजची गरजच पडू नये, असं!

सासूबाईंनी पुडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अगं, पाऊस झाला नाही धड. नळाला आठवड्यानं पाणी येतंय. आणि तू टरबूज लावतीस?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. पण त्यावरचा उपाय त्यांच्याकडेच निघाला. घरात एक जुना मातीचा माठ होता. तो दोन वेलांच्या मधे गळ्यापर्यंत जमिनीत पुरला. रोज त्यात तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी ओतायचं आणि वर झाकण ठेवायचं. माठातून पाणी हळूहळू झिरपतं आणि थेट मुळांना मिळतं. उन्हानं उडून जात नाही. भोवती सोयाबीनचं भुसकट अंथरलं, म्हणजे जमिनीतली ओलही टिकली. साबणाचं पाणी मात्र माठात घालायचं नाही, हे चिमणीला पहिल्याच दिवशी सांगितलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारीला, रात्रभर भिजवलेल्या बिया तिनं स्वतःच्या हातानं लावल्या. बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. मग मी तिला एक वही दिली. "रोज येऊन बघायचं आणि एक ओळ लिहायची. बी लावल्यापासून साधारण ८० ते ९० दिवसांत टरबूज तयार होतं. तोवर आईही येईल."

तिनं लगेच बोटांवर हिशेब केला. "म्हणजे एप्रिलमध्ये?"

"एप्रिलमध्ये."

आता तिच्याजवळ मोजायला काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली.

थंडी होती, त्यामुळे कोंब वर यायला नऊ दिवस लागले. ती वही अजून माझ्याजवळ आहे. 'आज दोन पानं.' 'आज तांबडे भुंगेरे आले, आजीनं राख दिली.' हे लाल भुंगेरे कोवळ्या पानांना भोकं पाडतात. सकाळी थंडीनं ते सुस्त असतात, तेव्हा वेचून काढायचे आणि पानांवर चुलीची राख भुरभुरायची. 'आज वेल सात वीत.' वेल वितीनं मोजता मोजता ती सेंटिमीटरवर कधी आली, ते तिलाही कळलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी पिवळी फुलं आली. चिमणी नाचतच वर्गात शिरली. पण चार दिवसांनी तोंड पाडून म्हणाली, "बाई, फुलं गळून जातायत. टरबूज कुठंय?"

मुलांनो, इथं एक गंमत आहे. टरबुजाच्या वेलावर नरफुलं आणि मादीफुलं वेगवेगळी असतात. आधी नरफुलं येतात. ती उमलतात आणि गळतात, त्यांना फळ धरत नाही. मादीफूल त्यानंतर काही दिवसांनी येतं. ते कसं ओळखायचं? फुलाच्या खाली देठाशी बोराएवढं इवलंसं टरबूज आधीच असतं! नरफुलातले परागकण मादीफुलावर पोचले, तरच ते वाढतं. नाही तर पिवळं पडून गळतं. हे पोचवायचं काम मधमाश्या करतात. आणि फूल उमललेलं असतं फक्त एकच दिवस, तेही सकाळचं. दुपारी ते मिटतं.

आमची पहिली दोन मादीफुलं अशीच गळली. दुष्काळात रानात फुलं नव्हती, मग मधमाश्या तरी कुठून येणार? तेव्हा ५ मार्चला सकाळी सात वाजता मधमाशीचं काम चिमणीनंच केलं. ताजं नरफूल तोडलं, त्याच्या पाकळ्या काढल्या आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मधोमध हळूच फिरवला. दुसऱ्या वेलावरचं मादीफूल आठवड्यानं उमललं, तेव्हा तिनं वर्गातल्या दोघींना हे शिकवून टाकलं.

वहीत नवी मोजणी सुरू झाली. फूल धरल्यापासून या जातीचं फळ पिकायला साधारण ३५ दिवस लागतात. 'दिवस ५. लिंबाएवढं.' 'दिवस १०. चेंडूएवढं.' फळमाशीनं डंख मारू नये म्हणून आजीनं जुन्या सुती साडीची पिशवी शिवून दिली. फळाखाली भुसकटाची गादी झाली. 'दिवस २०. नारळाएवढं.'

आणि बाविसाव्या दिवशी, धुळवड होऊन दोन दिवस झाले होते, गावात ट्रक आला. चिमणीची आई आली!

लेकीनं तिला आधी परसात आणलं. आईनं पिशवी सोडून फळ पाहिलं, तर चांगलं टपोरं, काळंभोर हिरवं. गल्लीतली माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "एवढं मोठं झालंय. काप की! माय आलीय ना?"

मी काहीच बोलले नाही. ज्या दिवसासाठी ती अडीच महिने मोजत होती, तो दिवस आला होता. फळ तिचं होतं, ठरवायचंही तिनंच होतं. चिमणी खाली वाकली. जिथं फळाचा देठ वेलाला जोडलेला असतो, तिथंच एक स्प्रिंगसारखी तार असते, तिला तणावा म्हणतात. तो तिनं बोटानं उचलून आईला दाखवला.

"आई, हा बघ, अजून हिरवा आहे. हा वाळल्याशिवाय तोडायचं नाही. आत गोड झालं नसंल अजून."

तिचं अगदी बरोबर होतं. टरबूज पहिल्या तीन आठवड्यांत भराभरा मोठं होतं. त्यानंतर आकार फारसा वाढत नाही. साखर आणि लाल रंग भरतो तो शेवटच्या दिवसांत. मोठं दिसलं म्हणजे पिकलं असं नसतं!

आई हसली. "आमचं काय, आम्ही आता हितंच आहोत," ती म्हणाली आणि तिनं पिशवी पुन्हा बांधली. दुसऱ्या दिवसापासून माठात पाणी घालायला मायलेकी दोघी येऊ लागल्या.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. पस्तिसावा दिवस. तणावा वाळून तपकिरी झाला होता. जमिनीला टेकलेला फळाचा पांढरट डाग लोण्यासारखा पिवळा झाला होता. चिमणीनं बोटानं वाजवलं, आवाज आला डब डब. तिन्ही खुणा पटल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात वजन केलं तर भरलं एक किलो ८०० ग्रॅम. खाणारे मात्र अकरा! आईनं अशा पातळ फोडी केल्या की पलीकडचं दिसावं. कडेला थोडं फिकं होतं, मधे लाल होतं आणि गोड होतं. दुसरं टरबूज आठवड्यानं तयार झालं, ते वर्गानं संपवलं.

एका टरबुजानं ऊसतोडीचा प्रश्न सुटत नाही, हे मलाही कळतं. पुढच्या दिवाळीला चिमणीचे आईवडील पुन्हा गेले. पण आजीला निरोप धाडावा लागला नाही. चिमणी पाचवीत होती आणि तिच्या फळीवर एका बाटलीत १३२ बिया होत्या.

त्या बियांचंही सांगते. टरबूज मूळचं आफ्रिकेतलं. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचा अभ्यास करून सांगितलं, की आपल्या टरबुजाचं सर्वांत जवळचं नातलग सुदानमधल्या कोर्दोफान भागात आहे. त्याचा गर पांढरट असतो आणि तो फारसा गोड नसतो. मग आजची गोडी आली कुठून? हजारो वर्षं शेतकऱ्यांनी चांगल्या फळाचं बी राखून पुन्हा लावलं, त्यातून.

गोव्याचे माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर आपल्या पर्रा गावाची एक आठवण सांगत. तिथला एक शेतकरी गावातल्या मुलांना आपली सर्वांत उत्तम कलिंगडं पोटभर खाऊ घालायचा. अट एकच, बिया चावायच्या नाहीत, भांड्यात टाकायच्या. तेच त्याचं पुढच्या वर्षीचं बियाणं. पुढे त्याचा मुलगा मोठी फळं बाजारात विकू लागला आणि मुलांना लहान फळं देऊ लागला. वर्षागणिक कलिंगडं लहान होत गेली. म्हणून घरातलं उत्तम ते मुलांना द्यावं, असं मी पालकांना नेहमी सांगते.

तर मुलांनो, संक्रांतीनंतर तुम्हीही लावून पाहा. परस नसला तर गच्चीवर मोठी कुंडी किंवा तळाला भोकं पाडलेली जुनी बादली घ्या. निम्मी माती आणि निम्मं शेणखत-वाळू भरा. दिवसभर ऊन हवं. वेल काठीवर चढवला तर फळाला कापडाची झोळी बांधा. एका वेलावर एक-दोनच फळं ठेवा. बी राखायचं असेल तर पुडीवर 'संकरित' लिहिलेलं नाही ना, ते बघून घ्या. संकरित फळाच्या बियांना तसंच फळ येत नाही. उत्तम फळाच्या बिया धुवा, सावलीत वाळवा, थोड्या राखेत घोळवून कोरड्या बाटलीत ठेवा.

आणि एक वही करा. रोज एक ओळ लिहा. तुमच्या वर्गात कुणी कुणाची वाट बघत असेल, तर त्याला बरोबर घ्या. पाणी घालायला दोघं असले की वेल सुकत नाही.