जांभळ्या ताण्यावरचं जॅकेट

शनिवारी सकाळी सहाला पुण्याहून निघायचं म्हणजे माझ्यासारख्या निशाचरांवर अत्याचारच! पण मावसबहिणीचा फोन आला होता. 'ताई, येवल्याला येतेस का? आई एकटीला सोडत नाहीये.' ही बया फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला. फायनल प्रोजेक्टचा विषय पैठणी. मी म्हटलं, चला, वीकेण्ड सार्थकी लागेल. शिर्डीचं दर्शन, चार फोटो आणि खिशाला झेपलंच तर आईला एक साडी. एवढाच माझा प्लॅन होता.

शिर्डी मागे पडली, कोपरगावला गोदावरी ओलांडली. हीच नदी पुढे पैठणला जाते, जिथून या साडीला नाव मिळालं. मागांचा खडखडाट ऐकायचा तर मात्र नाशिक जिल्ह्यातलं येवला गाठायचं. तात्या टोपेंचं हे जन्मगाव. हायवेवर साड्यांची चकाचक शोरूम्स आहेत, पण खरी गंमत आतल्या गल्ल्यांत. दुपारच्या शांततेत एखाद्या घरातून ठक्-ठक् ऐकू आलं, की समजायचं, आत माग चालू आहे.

गाडीत बहिणीने तिची फाइल दाखवली. एकदम प्रोफेशनल काम! बांगडी मोर, मुनिया, आसावलीची वेल, सगळ्यांची स्केचेस. कलरबोर्डवर राखाडी आणि धुरकट गुलाबी. कमरेपर्यंतचं फिटिंगचं जॅकेट, गोल मुंढा, लांब बाह्या. मांजरपाटात शिवलेलं सँपलसुद्धा तयार. रिसर्च झाला, डिझाइन झालं. आता फक्त कापड तेवढं हवं होतं!

त्या 'फक्त'ची गंमत तिथे गेल्यावर कळली.

ओळखीतून ज्यांच्याकडे गेलो, त्या काकांच्या घरात बाहेरची खोली म्हणजेच कारखाना. मागासमोर काका, कोपऱ्यात रहाटावर कांड्या भरणाऱ्या काकू. रेशीम बंगळुरूकडचं, जर सुरतेची. भिंतीला टेकवलेली आसारी बघून मी ओरडलेच, 'अरे, ही तर पतंगाची!' काकू हसल्या. संक्रांतीला येवल्याचं आकाश पतंगांनी भरतं, तेव्हा मांजा आसारीवर आणि एरवी रेशीम आसारीवर!

काकांनी पदर विणून दाखवला. मोराच्या मानेचा एक रंग, पिसाऱ्याचा दुसरा, डोळ्याचा तिसरा. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी आणि ताण्याचे धागे मोजून ती हाताने घालायची. दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवायचे. म्हणून हाताने विणलेल्या पदराची मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसते. अर्ध्या तासात मोर किती पुढे सरकला? माझ्या नखाएवढासुद्धा नाही.

मग बहिणीने फाइल उघडली आणि काकांनी पहिलाच बॉल यॉर्कर टाकला. 'राखाडी ताणा कुठून आणू, ताई? मागावर जांभळा आहे. तीन साड्यांचा लावलाय. शेवटी थोडा उरेल, त्यात तुमचं करू.' म्हणजे कलरबोर्ड गेला! दोन मीटर कापड हवं म्हटल्यावर ते नुसतेच हसले. 'पदराचं काम दिवसाला दोन-तीन इंच होतं. तुमची परीक्षा कधी?' परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

काकूंनी मांजरपाटाचं सँपल हातात घेतलं. गोल मुंढ्यावरून बोट फिरवत विचारलं, 'इथलं कापलेलं कुठं जातं?'

'ते... वाया जातं, काकू.'

'एवढं विणलेलं?'

बस्स. एवढंच बोलल्या. बहीण मात्र संध्याकाळपर्यंत गप्प. रात्री लॉजवर तिने पॅटर्नचे तुकडे कागदावर मांडून हिशोब केला. जवळजवळ पाव कापड केरात जात होतं. काकांच्या कामाचे किती दिवस, ते तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही.

रविवारी सकाळी ती नवीन कागद घेऊन गेली आणि यावेळी आधी काकांना विचारलं, 'मागावर काय होऊ शकतं?' डिझाइन खरं तर तिथून सुरू झालं. आपली जुनी बाराबंदी आठवा. सरळ तुकडे आणि बंद, फारशी कापाकापी नाही. पैठणीचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंच. तोच आडवा अंगाभोवती गुंडाळला तर? काका म्हणाले, 'मग दोन्ही काठ समोर येतील. काठ उसवत नाही, दुमडायची गरज नाही.' नारळी काठ जॅकेटच्या उघडझापेवर, घेराला पदराची नक्षी, हातांसाठी फक्त दोन सरळ काप. जांभळ्या ताण्यावर पारव्या रंगाचा बाणा टाकला आणि अशी काही धूपछाव झळकली, की कलरबोर्ड आठवलाही नाही!

पैशांची बोलणी बहिणीने स्वतः केली. कापड इंचावर न मोजता मागाच्या दिवसांवर पैसे ठरले, कारण तिच्या तुकड्यापायी पुढची साडी अडणार होती आणि साडी अडली की घरखर्च अडतो. नव्या फोनसाठी साठवलेले पैसे तिथेच संपले. माझी आईची साडीही राहिली. काकांच्या मागावरच्या साडीची किंमत कळल्यावर घासाघीस करायला माझी जीभ रेटेना.

कापड परीक्षेच्या चार दिवस आधी आलं. बावीस इंच. बाह्यांना कापडच उरलं नाही. परीक्षकांनी विचारलं, 'बाह्या कुठे आहेत?' ती म्हणाली, 'माग थांबला नाही, डेडलाइन आधी आली.' मार्क ठीकठाक पडले. एक मार्क बाह्यांचाही गेला असेल!

महिन्याभराने आम्ही जॅकेट दाखवायला परत गेलो. काकांनी ते हातात घेतलं, सरळ उलटं केलं आणि आधी आतली बाजू बघितली. मग घडी घालून परत दिलं. काकूंनी विचारलं, 'तुकडे किती पडले?' बहिणीने पर्समधून काढून दाखवले. मुठीत मावतील एवढेच होते. काकूंनी तेही ठेवून घेतले.

तुम्हीही जाणार असाल तर मनमाडपर्यंत रेल्वे आहे, तिथून बस. दुकानात पदराची उलटी बाजू नक्की बघा. मागे सुटे धागे लोंबत असतील, तर नक्षी हाताने अडकवून विणलेली नाही. पैठणीला 2010 मध्ये जीआय मानांकन मिळालंय, त्याबद्दलही विचारा. आणि एखाद्या घरात माग बघायला मिळाला, तर फोटो काढण्याआधी अर्धा तास नुसतं बसा. मोर किती सरकतो, ते बघा.