खारं पाणी, मंद वीज

बंगळुरूच्या लालबागेतला खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा. पहाटे त्यावर चढणाऱ्यांची रांग लागते. काही जण मात्र खालच्या सपाट वाटेवरच असतात. त्यांच्या अंगावरून वारं गेलेलं असतं; इजा पायात नाही, मेंदूत. एक पाय पुढे पडतो. दुसरा कमरेतून बाहेर फिरत, चवडा घासत मागून येतो. मातीला दोन्ही पावलं सारखीच प्यारी.

मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था निम्हान्स इथून जवळ, होसूर रस्त्यावर. मेंदूला बाहेरून उत्तेजन देण्याच्या पद्धतींवर तिथे संशोधन चालतं. मला मात्र यंत्रापेक्षा मेंदूच्या भूगोलाची भूल पडते. हाताचा इलाखा कवटीलगत, वरच्या पृष्ठभागावर पसरलेला. पायाचा मात्र दोन अर्धगोलांमधल्या अरुंद घळीच्या भिंतीवर, आत वळलेला. जन्मभर धुळीत राहणाऱ्या पावलाचं ठाणं माथ्याच्या मधोमध, इतकं खोल! अशी मांडणी करणाऱ्या निसर्गापुढे हात आपोआप जुळतात. १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याशी तारेचं वेटोळं धरून चुंबकीय स्पंदन दिलं आणि हाताचे स्नायू हलले. पायाच्या त्या घळीत पोचायला मात्र कोनात वाकवलेलं जोडवेटोळं लागतं.

दुसरी पद्धत याहून सौम्य. खाऱ्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर, त्यांतून वीसेक मिनिटं एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह. त्वचेला जरा मुंग्या येतात, इतकंच. मेंदूच्या पेशींचा कारभारही सोडियम-पोटॅशियमच्या भारित कणांवरच चालतो. समुद्राचं मीठ आपण अजून डोक्यात बाळगून आहोत. हा प्रवाह पेशींवर हुकूम सोडत नाही, त्यांची तयारी तेवढी वाढवतो. वळवाच्या सरीने ढेकळं मऊ व्हावीत, तसं. पेरणी ज्याची त्याने करायची: आधाराच्या दांड्यांमधून, टाच आधी, मग चवडा, पुन्हा टाच. वाचलेले तंतू याच घोकणीतून नव्या कामाला लागतात.

या पद्धतींच्या चाचण्यांचे निकाल अजून संमिश्र आहेत. इजा कुठे झाली, किती तंतू शाबूत राहिले, उपचार कधी सुरू झाले, यांवर बरंच अवलंबून. कुणाची चाल सुधारते, कुणाची जैसे थे. ३०० कोटी वर्षांच्या दगडाशेजारी उभं राहून मेंदूला घाई करायला सांगणं मला तरी जमत नाही. तेव्हा 'विजेची टोपी घाला, चालू लागा' म्हणणाऱ्या जाहिरातवाल्याला एवढंच विचारावं: प्रवाहाच्या जोडीला चालण्याचा सराव रोज किती वेळ, आणि तो करून कोण घेणार?