ब्रेकच्या तीन नळ्या

आमच्या सुलतानपुरास लोणारचा फाटा फुटतो. उल्कापातानें झालेलें तें प्रचंड विवर पाहावयास निघालेले प्रवासी येथें चहापुरते थांबतात आणि पुढें जातात. अशा या गांवीं माझ्या अंगणांत तीस वर्षांची एक जुनी मोटार उभी असते. ती माझ्या वडिलांनीं हौसेनें घेतलेली. निवृत्त शिक्षकाच्या घरीं शोभेल तितकीच तिची बडदास्त: धुणें रोज, दुरुस्ती जमेल तेव्हां. या ‘जमेल तेव्हां’चीच गोष्ट आज सांगावयाची आहे.

गेल्या वैशाखांत मुलीला व नातवाला रेल्वेवर पोंचविण्यासाठीं आम्ही मलकापुरास निघालों. बुलढाणें मागें पडलें कीं राजूरचा घाट लागतो. पुढें एक मालमोटार रांगत होती. त्यामुळें पावलोपावलीं मी ब्रेक दाबीत होतों. तिसऱ्या कीं चौथ्या वळणावर पाय नेहमींपेक्षां खोल गेला. दुसऱ्यांदा दाबला, तर ओल्या कापसावर पाय द्यावा तसें वाटलें. मीं गाडी दुसऱ्या गिअरवर आणली, हातब्रेक हलके हलके ओढला आणि एका मोकळ्या जागीं डोंगराच्या अंगाला ती कशीबशी थांबविली.

“काय झालें?” हिनें विचारलें.

“कांहीं नाहीं. इंजिन तापलें आहे. दहा मिनिटें थांबूं.”

हें खोटें होतें. मागच्या बाकावर नातू बोरें खात कसलेंसें गाणें गुणगुणत होता. अर्ध्या तासानें ब्रेक पुन्हां लागूं लागले, गाडीही मिळाली. मुलीनें खिडकींतून हात हालविला, तेव्हां माझे हात अजून थरथरत होते. परतीच्या वाटेवर तो घाट मला चढावयाचा होता, उतरावयाचा नव्हता, एवढेंच समाधान.

घरीं आल्यावर मीं पुण्यास मुलाला दूरध्वनि केला. त्यालाही सबंध हकीकत सांगितली नाहीं. “ब्रेक जरा मऊ लागतात” इतकेंच म्हणालों. आठ दिवसांत त्याच्याकडून एक पुडकें आलें. त्यांत चांदीसारख्या चकाकणाऱ्या तीन नळ्या होत्या. गंज न चढणाऱ्या पोलादाच्या बारीक तारांची वर घट्ट वेणी घातलेली. देवघरांत ठेवाव्यात इतक्या त्या सुंदर दिसत होत्या.

या नळ्यांचें काम काय, हें मोटार चालविणाऱ्यांपैकीं कितीकांना ठाऊक असेल? बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोंचतो, हा सतराव्या शतकांतील पास्कल या फ्रेंच पंडिताचा सिद्धान्त आपण शाळेंत घोकतों. त्याच्या आधारें माल्कम लॉकहेड या अमेरिकन गृहस्थानें १९१७ सालीं द्रवाच्या ब्रेकचें पेटंट घेतलें, आणि १९२१ मध्यें ड्यूझेनबर्ग मोटारीच्या चारी चाकांना ते बसले. गाडीच्या पोटाखालून हा द्रव लोखंडी नळ्यांतून जातो. परंतु चाक वळतें, खड्ड्यांत वर-खालीं होतें, म्हणून शेवटचा वीत-दीड वीत तुकडा लवचीक ठेवावा लागतो. हा तुकडा बहुधा रबराचा असतो. वर्षें लोटलीं कीं रबर आंतून झिजतें आणि दाब आला म्हणजे फुगतें. पायाचा कांहीं जोर मग चाकाला न मिळतां नळी फुगविण्यांतच खर्च होतो. तारांच्या वेणीची नळी आंतून टेफ्लॉनची असते. रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला १९३८ सालीं हा पदार्थ ध्यानींमनीं नसतां सांपडला. ही आंतली नळी फुगूं लागली, तर बाहेरच्या तारा तिला आवळून धरतात.

पण राजूरच्या घाटांत केवळ नळी फुगली नव्हती. ब्रेकचें तेल हवेंतील पाणी शोषून घेतें. ‘डॉट ४’ जातीचें नवें तेल निदान २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. पाणी मुरलें म्हणजे ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. उतारावर ब्रेक तापले कीं असें तेल उकळतें, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली तर दबते. दोन वर्षांनीं तेल बदलावें असा साधारण शिरस्ता आहे. मीं सहा वर्षें बदललें नव्हतें.

नळ्या घेऊन मी फाट्यावरच्या मिस्त्रीकडे गेलों. त्याचा मुलगा एके काळीं माझा विद्यार्थी होता. त्यानें गाडी चढविली, जुनी नळी बोटांनीं वांकविली आणि तिच्या सुरकुत्यांतील भेगा मला दाखविल्या.

“गुरुजी, वरून बरी दिसते, आतून सडली हाये. इतके दिवस काय करून राह्यले होते तुमी?”

मीं उत्तर दिलें नाहीं. दोन दिवसांवर मेहकरला एक लग्न होतें आणि मला गाडी हवी होती. त्यानें पुढच्या डाव्या चाकाची नवी नळी हातानें जागेवर धरून पाहिली. चाक अधांतरीं सोडून मला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावयास सांगितलें. उजव्या टोकाला पोंचतांच नळी वीणेच्या तारेसारखी ताणली गेली.

“हे तुमच्या गाडीची नाई. नाव एकच, पण साल दुसरं असन. आज चालन, उद्या तुटन. मी नाई बसवत.”

मीं थोडी घासाघीस केली. अंगुळभर कमी, तेवढ्यानें काय होतें, असेंही म्हणालों. तो हांसला नाहीं. इतक्यांत नातू मागच्या बाकावर गुणगुणत असलेला मला पुन्हां दिसला आणि मी गप्प बसलों. लग्नाला आम्ही एस. टी.नें गेलों.

त्या रात्रीं मुलाला मीं दूरध्वनि केला आणि या वेळीं सगळें सांगितलें. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग दोघांनीं मिळून पुन्हां निवड केली. गाडीचें साल, पुढच्या डिस्कचा प्रकार, जुन्या नळीची लांबी व दोन्ही टोकांचे आंटे मीं मोजून कळविले. टोकें कारखान्यांतच दाबून बसविलेलीं असावींत, कोठल्याशा दुकानांत हातानें जोडलेलीं नकोत, आणि नळीवर प्रमाणचिन्ह छापलेलें असावें, असें ठरलें. अमेरिकेच्या प्रमाणांत तर ब्रेकची नळी यंत्रावर सतत ३५ तास हालवून-वांकवून तपासतात. आमच्याकडील धूळ ही आणखी एक अडचण. तिचे कण वेणींत शिरले कीं तारा आंतल्या आंत घांसल्या जातात, आणि आंतली नळी तर डोळ्यांनीं तपासतांच येत नाहीं. म्हणून वेणीवर प्लॅस्टिकचें आवरण असलेल्या नळ्या मागविल्या. मिस्त्रीनें प्रामाणिकपणें हेंही सांगितलें, कीं नव्या रबरी नळ्यांनींसुद्धां आमचें काम भागलें असतें. तारांच्या नळीनें पाय घट्ट लागतो. गाडी कमी अंतरांत थांबेलच असें नाहीं, तें शेवटीं टायरच्या पकडीवर आहे.

ज्येष्ठांत योग्य नळ्या आल्या. जुन्या जोडांवर आदल्या रात्रींच तेल सोडून ठेवलें होतें. प्रत्येक जोडाला तांब्याचे नवे वायसर घातले, नळीला कोठें पीळ पडला नाहीं हें पाहिलें, आणि चाक दोन्ही टोकांना फिरवून, खालीं सोडून व वर उचलून नळी कोठें घांसत नाहीं याची खात्री केली. कारण ही वेणी ज्याला घांसते त्याला कानशीसारखी कापते.

मग राहिली हवा काढण्याची क्रिया. तिला दोन माणसें लागतात. एकानें पेडल दाबावयाचें, दुसऱ्यानें चाकापाशीं निप्पल उघडावयाचें. मिस्त्रीचा पोरगा सुटीवर होता आणि मला मिस्त्रीनें दिवा व तेलाची बाटली धरावयास लाविलें. शेवटीं ही पदर खोंचून गाडींत बसली. सर्वांत दूरचें म्हणून मागचें डावें चाक प्रथम, मग मागचें उजवें, मग पुढचीं दोन. “दाबा वहिनी, धरून ठेवा... सोडा.” पारदर्शक नळींतून काळें पडलेलें तेल व त्यांतून बुडबुडे येत होते. दर वेळीं हिचा पाय थोडा वर थांबूं लागला.

“हें एवढें कशासाठीं? ब्रेक लागत तर होते,” ती म्हणाली.

मी दिवा धरून चाकापाशीं बसलों होतों. माझें तोंड तिला दिसत नव्हतें. “लागत नव्हते,” मी म्हणालों. “राजूरच्या घाटांत त्या दिवशीं इंजिन तापलें नव्हतें.”

मिस्त्रीनें निप्पल आवळलें आणि खालीं मान घालून पाना पुशीत राहिला. पेडलवरचा तिचा पाय तसाच दाबलेला होता.

“मला ठाऊक होतें,” ती म्हणाली. “तुमचे हात स्टेशनावर कांपत होते. तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहत होतें.”

नंतर तिनें मिनिटभर पेडल घट्ट धरून ठेवलें, आणि आम्ही प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून पाहिला. कोठेंही ओल नव्हती. दुसऱ्या दिवशीं पहाटे रिकाम्या माळावर मीं गाडी हळू चालवून दहा-बारा वेळां थांबवून पाहिली आणि मगच रस्त्यावर आणली.

आमच्या तालुक्यांतून आतां समृद्धि महामार्ग गेला आहे. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता २०२५ च्या जूनमध्यें पुरा झाला, आणि हलक्या गाड्यांना त्यावर ताशीं १२० किलोमीटरची मुभा आहे. चहाच्या टपरीवर नागपूर किती तासांत गांठलें याच्या गप्पा नेहमीं रंगतात. मी ऐकतों आणि स्वस्थ बसतों. माझी मोटार त्या वेगाची नव्हे.

तेल बदलल्याची तारीख मीं आतां पंचांगाच्या मलपृष्ठावर लिहून ठेवली आहे. दिवाळींत मुलीला आणावयास पुन्हां राजूरचा घाट उतरलों. उतार सुरू होण्यापूर्वीं हिनें विचारलें, “पाय कोठवर जातो?”

मीं दाबून पाहिला, आणि कोठवर जातो तें खरें खरें सांगितलें.