बदलीची नोकरी

काही शब्दांना वास असतो. ‘बदली’ या शब्दाला सुतळीचा आणि जुन्या गोणपाटाचा वास येतो. ज्यांचं आयुष्य एकाच वाड्यात किंवा चाळीतल्या एकाच बिऱ्हाडात गेलं, त्यांना हे पटायचं नाही. पण माझ्यासारख्या सरकारी खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारा! हुकूम येतो. चार दिवस चहाबरोबर सहकाऱ्यांची हळहळ मिळते, निरोपसमारंभात शाल आणि नारळ मिळतो, आणि मग गाद्यांच्या वळकट्या, लोखंडी कपाट आणि सर्वांत वर तुळशीची कुंडी अशा थाटात संसार ट्रकवर चढून पुढच्या गावी रुजू व्हायला निघतो. माझ्या अशा नऊ बदल्या झाल्या. त्यांपैकी एकाही खेपेला, ‘तुम्हांला जायचं आहे का हो?’ असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा निवृत्त होऊन ठाण्यात बिऱ्हाड केल्यावर हा शब्द पुन्हा घरात यायचं काही कारण नव्हतं. पण तो आला. इंग्रजी कपडे घालून आला. जानेवारी २०१८ मधले पहिले आठ दिवस आमच्या दिवाणखान्यात ‘ट्रान्स्फर’ याखेरीज दुसरा विषय नव्हता. बदली होऊ घातली होती ती फिलिपे कुटिन्हो नावाच्या एका ब्राझिलियन फुटबॉलपटूची. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलहून स्पेनमधल्या बार्सिलोनाला. आणि तिच्यामुळे ज्यांची जेवणं लांबत होती, ते होते आमचे चिरंजीव आणि आमची कन्या.

ठाण्यातल्या मुलांनी लिव्हरपूलची काळजी का वाहावी, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडेल. मलाही पडत असे. त्याचं उत्तर नागपुरात आहे. २००५ सालच्या मे महिन्यात आम्ही नागपुरास होतो. इस्तंबूलला युरोपच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना होता, आणि आपल्याकडे तो रात्री सव्वाबाराला सुरू व्हायचा होता. कूलरच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून मुलांनी कूलर बंद केला. मे महिन्यात, नागपुरात! मध्यंतराला लिव्हरपूल मिलानविरुद्ध तीन गोलांनी मागं. मी घामानं निथळत ‘झोपा आता’ म्हणून सांगून आत गेलो. उत्तरार्धात लिव्हरपूलनं सहा मिनिटांत तीन गोल फेडले आणि पेनल्टीवर चषक जिंकला. पहाटे तीनच्या सुमाराला बाहेर जो गलका झाला, त्यानं खालच्या मजल्यावरचे घरमालकही जागे झाले.

पुढं नागपूर सुटलं, मग अमरावती सुटली, सोलापूर सुटलं. मुलांच्या मित्रमैत्रिणींचे फोन पहिल्या वर्षी आठवड्याला येत, दुसऱ्या वर्षी दिवाळीला, आणि तिसऱ्या वर्षी येतच नसत. दोघांच्या मिळून अकरा शाळा झाल्या. गावं बदलत होती. शनिवारच्या संध्याकाळचा सामना तेवढा बदलत नव्हता. ज्यांना ‘तुमचं गाव कुठलं?’ या प्रश्नाचं उत्तर देताना अडखळावं लागतं, अशा मुलांनी समुद्रापलीकडचं एक गाव धरून ठेवलं, तर त्यात हसण्यासारखं काही नाही.

असो. तर कुटिन्हो. हा गृहस्थ २०१३ च्या जानेवारीत मिलानच्या इंटर क्लबाकडून ८५ लाख पौंडांना आलेला. दिसायला लहानखुरा, पण पायात जादू अशी, की लांबून मारलेला चेंडू गोलच्या कोपऱ्यात अलगद नेऊन ठेवी. बार्सिलोनानं २०१७ च्या ऑगस्टमध्येच त्याला मागणी घातली होती. लिव्हरपूलनं नकार दिला, तेव्हा ह्यानं स्वतःच बदलीचा अर्ज केला. तोही फेटाळला गेला. आता जानेवारीत बार्सिलोना पुन्हा दारात आलं होतं, आणि सगळ्या अटी धरून रक्कम जात होती १४ कोटी २० लाख पौंडांवर.

“विकायचं नाही!” चिरंजीव तावातावानं म्हणाले. “आपण काय रोपवाटिका घातली आहे? २०११ ला टोरेस चेल्सीला दिला. २०१४ ला सुआरेझ ह्याच बार्सिलोनाला दिला. २०१५ ला स्टर्लिंग मँचेस्टर सिटीला दिला. आपण पाणी घालायचं आणि फुलं दुसऱ्यांच्या अंगणात!”

मला त्यातल्या ‘आपण’ या शब्दाची मौज वाटली. ‘आपण’ त्या क्लबात एका पौंडाचेही भागीदार नव्हतो.

“भावनेनं बोलू नकोस,” कन्या म्हणाली. हिला घरात आम्ही ‘लेखापरीक्षक’ म्हणतो. “आपला संघ पुढून तीन गोल करतो आणि मागून तीन खातो. बचावात माणूस नाही, गोलरक्षक भरवशाचा नाही. एक जादूगार देऊन दोन राखणदार मिळत असतील, तर द्यावा.”

“आणि नाही मिळाले तर? टोरेसचे पाच कोटी आले, त्यातले साडेतीन कोटी कॅरोलवर घातले, काय मिळालं? सुआरेझ गेला, आणि दुसऱ्या नंबरचा संघ पुढच्या वर्षी सहावा आला!”

“त्याच महिन्यात सुआरेझही घेतला होता ना? दोन कोटी सत्तावीस लाखांत!”

शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर रोज पेपर वाचायला येतात. त्यांनी चष्म्यावरून पाहत निकाल दिला, “अहो, भाव आला की विकावं. एवढंच असतं!”

पण तेवढंच नसतं. तसं असतं, तर जगातले सगळे बँक मॅनेजर फुटबॉलचे क्लब चालवते. या वादाचा खरा उलगडा केला तो आमच्या सौभाग्यवतीनं. ती भाजी निवडत होती. तिनं प्रथम विचारलं, “त्या मुलाला विचारलं का कुणी, जायचंय का म्हणून?”

“आई, त्यानंच अर्ज केलाय!”

“मग जाऊ द्या. मन उडालेल्या माणसाला डांबून ठेवून घर चालत नाही. आणि पैशाचं म्हणाल, तर पाटल्या मोडून पाटल्या करायच्या नसतात. छप्पर गळत असेल, तर मोडाव्यात.”

लिव्हरपूलच्या कारभाऱ्यांनी नेमकं हेच केलं. डिसेंबरअखेरीस त्यांनी साउदॅम्प्टनच्या व्हर्जिल व्हॅन डाइकचा सौदा साडेसात कोटी पौंडांना पक्का केला होता. बचावपटूसाठी एवढे पैसे तोवर जगात कुणी मोजले नव्हते. ६ जानेवारीला कुटिन्होची विक्री जाहीर झाली. त्याच वर्षी मे महिन्यात कीव्ह इथं युरोपचा अंतिम सामना लिव्हरपूल रेआल माद्रिदकडून ३–१ असा हरलं, आणि त्यांतले दोन गोल गोलरक्षकाच्या ढळढळीत चुकांमुळे झाले. छप्पर नेमकं कुठं गळतं, ते साऱ्या जगानं पाहिलं. जुलैत रोमाहून ॲलिसन आला. रक्कम सुमारे ६ कोटी ६८ लाख पौंडांपर्यंत. जादूगाराच्या बदल्यात दोन राखणदार, कन्येनं सांगितल्याप्रमाणे!

आता दुसरी बाजू पाहा. बार्सिलोनाचा क्लब कुणा धनिकाचा नाही. त्याचे मालक त्याचे सभासदच, आणि अध्यक्षही तेच मतदानानं निवडतात. चाहत्याच्या हातीच सत्ता! पण मतं मागणाऱ्याला काहीतरी मिरवावं लागतं, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा नेमार पॅरिसच्या क्लबानं २२ कोटी २० लाख युरो मोजून नेला. घरचा हिरा गेला, सभासद खवळले, आणि हातात पैसा खुळखुळत होता. त्या पैशानं आधी डेंबेले आला, मग कुटिन्हो. समोरच्याच्या खिशात किती आहेत हे दुकानदाराला ठाऊक असलं, की भाव कसा चढतो, हे मंडईत जाणारी कोणतीही गृहिणी सांगेल. खिसा वाजवत बाजारात जाऊ नये. लिव्हरपूलला काय आणायचं ते ठाऊक होतं. बार्सिलोनाला पैसे आहेत एवढंच ठाऊक होतं.

नियतीची गंमत पुढंच आहे. २०१९ च्या मे महिन्यात हेच दोन क्लब उपान्त्य सामन्यात समोरासमोर आले. बार्सिलोनाच्या मैदानावर लिव्हरपूल ३–० असं हरलं. परतीच्या सामन्यात सालाह आणि फिर्मिनो दुखापतीमुळे बाहेर. आणि लिव्हरपूलनं ४–० असा विजय मिळवला. कुटिन्हो त्या रात्री ॲनफिल्डच्या हिरवळीवर होता, पाहुण्यांच्या गणवेशात. तासाभरानं त्याला बाहेर बोलावण्यात आलं. आमच्याकडे रात्रीचे दोन वाजत आले होते. मला वाटलं, चिरंजीव आता टाळ्या पिटतील. तो म्हणाला, “बाबा, त्याच्याकडे बघवत नाही.” त्या वर्षी लिव्हरपूलनं युरोपचा चषक जिंकला, आणि २०२० साली तीस वर्षांनी इंग्लंडची लीग. कुटिन्हो तेव्हा उसनवारीवर म्युनिकच्या बायर्नकडे खेळत होता. ऑगस्ट २०२० मध्ये बायर्ननं बार्सिलोनाचा ८–२ असा धुव्वा उडवला, आणि त्यांतले शेवटचे दोन गोल कुटिन्होचे! ज्यांनी इतकं मोल देऊन नेला, त्यांच्याच अंगावर त्यांचंच शस्त्र. पुढच्या वर्षी, कर्जाच्या ओझ्याखाली, बार्सिलोनाला मेस्सीही राखता आला नाही.

पण हा सारा हिशेब मांडताना सौभाग्यवतीचा पहिला प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्या मुलाला विचारलं का? इंग्लंडात कित्येक वर्षं विचारत नसत. करार संपला, तरी क्लब खेळाडूला अडवून ठेवू शके. पगाराला कमाल मर्यादा होती. १९६१ च्या जानेवारीत ती उठली, तेव्हा ती आठवड्याला वीस पौंड होती. न्यूकासलच्या जॉर्ज ईस्टहॅमनं १९६० साली नवा करार करायला नकार दिला. क्लब सोडीना, हा पठ्ठ्या खेळ सोडून बुचाच्या मालाची विक्री करू लागला. अखेर ४७,५०० पौंडांना आर्सेनलनं त्याला घेतला. पण तो खटला लढतच राहिला, आणि १९६३ साली न्यायालयानं ही अडवणूक अन्यायाची ठरवली. पुढं १९९५ साली बॉसमन या बेल्जियन खेळाडूच्या दाव्यात युरोपच्या न्यायालयानं निवाडा दिला, की करार संपला की माणूस मोकळा; एक छदामही न देता. नऊ हुकूम मुकाट्यानं घेतलेल्या माझ्यासारख्याला या दोन गृहस्थांविषयी फार आदर वाटतो.

चाहत्याला मात्र हे स्वातंत्र्य पचायला जड जातं. त्याला खेळाडूकडून निष्ठा हवी असते आणि क्लबाकडून हिशेब. तिशी उलटलेला खेळाडू ‘वेळीच विकला नाही’ म्हणून तो चिडतो, आणि पंचविशीतला आपणहून गेला, तर ‘कृतघ्न’ म्हणतो. २०२५ साली आमच्या घरात याच्यावरून पुन्हा रणकंदन झालं. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड हा लिव्हरपूल गावचाच मुलगा. सहाव्या वर्षी क्लबात आला, आणि २०१९ च्या त्या रात्री चौथ्या गोलाचा तो चलाख कॉर्नर त्यानंच घेतला होता. करार संपत आला, तेव्हा तो रेआल माद्रिदला निघाला. क्लबाच्या पदरात त्याच्या मोलाच्या मानानं किरकोळ रक्कम पडली. ११ मे रोजी तो मैदानात उतरला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांतल्या अनेकांनी त्याची हुर्यो केली.

“बरोबर केलं!” चिरंजीव म्हणाले.

कन्येनं माझ्याकडे पाहिलं. “बाबा, तुम्ही एखादं गाव सोडताना कुणी हुर्यो केली होती का?”

नव्हती केली. काही ठिकाणांहून मी आनंदानं निघालो होतो, आणि काही ठिकाणी मी निघालो याचा इतरांना आनंद झाला होता. पण नारळ दर वेळी मिळाला. ‘नारळ देणे’ याचा अर्थ आपण हाकलून देणे असा करून टाकला आहे, पण तो देण्यामागं एक शहाणपण आहे. जाणाऱ्याचा हिशेब जाताना करू नये. लिव्हरपूलच्या लोकांनाही ते उमगलं असावं. दोनच आठवड्यांनी, लीगचा चषक हाती घेण्याच्या दिवशी, तोच मुलगा मैदानात आला तेव्हा त्याला टाळ्या मिळाल्या.

चाहत्याजवळ मत नाही, भांडवल नाही, आणि म्हणून त्याला काहीच किंमत नाही असं मात्र कुणी समजू नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्लबानं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं, तेव्हा सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. संघ दोन गोलांनी पुढं होता. तो सामना बरोबरीत सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागं घेतली. बदलीचे हुकूम काढणाऱ्यांनाही कधी कधी हुकूम घ्यावा लागतो, तो असा.

खेळाडू जातात, प्रशिक्षक जातात, मालकही क्लब विकून जातात. सगळी बदलीची नोकरी! ज्याला पगार नाही, प्रवासभत्ता नाही, आणि ज्याला कुठलाही क्लब चार पैसे देऊन विकत घेणार नाही, तो चाहता तेवढा आपल्या जागेवर कायम. त्याच्या सेवापुस्तकात बदलीची नोंद नाही. माझ्या मुलांनी लहानपणी नेमकी हीच नोकरी का पत्करली, हे आता माझ्या ध्यानात येतं. आणि उन्हाळा आला, बाजार उघडला, दिवाणखान्यातून ‘विकायचं नाही!’ अशी आरोळी आली, की मी पेपर खाली ठेवून विचारतो, “कोण रे? आपला कोण चाललाय?”