शताब्दीचा अर्धा डॉलर

राजेशाहीत राजा गादीवर बसला की नाण्यावर आलाच. लोकशाहीत मात्र तिथं पोचायला आधी मरावं लागतं. अमेरिकेनं तर नोटांवर जिवंत माणसाचं चित्र छापायला १८६६ मध्ये कायद्यानंच बंदी घातली. नाणी त्या कायद्यातून सुटली, आणि अलाबामाला तेवढी फट पुरली.

अलाबामा राज्य झालं १४ डिसेंबर १८१९ ला. शताब्दीचं नाणं निघालं १९२१ मध्ये. (सरकारी कामच ते!) साडेबारा ग्रॅमचा अर्धा डॉलर, नव्वद टक्के चांदी. भिंगाखाली धरावं तर एकाला लागून एक असे दोन चेहरे. एक पहिले राज्यपाल विल्यम बिब. वर्षही न भरता, १८२० मध्ये घोड्यावरून पडून गेले. दुसरे थॉमस किल्बी, तेव्हा पदावर असलेले, धडधाकट. अमेरिकेच्या नाण्यावर जिवंत माणूस आला तो हा पहिला.

घडवणारी होती लॉरा गार्डिन फ्रेझर, अमेरिकी नाण्याची रचना करणारी पहिली स्त्री. स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती याच राज्यानं १९१९ मध्ये फेटाळली होती. मत नको, पण नाणं चाललं.

काही नाण्यांवर दोन आकड्यांमध्ये बारीक फुली दिसते, २ आणि २. बाविसावं राज्य म्हणून ते आकडे, आणि फुली राज्याच्या झेंड्यावरची. त्यातलं इंगित असं की हौशी माणसानं फुलीचं आणि बिनफुलीचं, दोन्ही घ्यावं. पन्नास सेंटचं नाणं विकायचं एक डॉलरला!

विक्री सुरू झाली २६ ऑक्टोबरला, राष्ट्राध्यक्ष हार्डिंग बर्मिंगहॅमला आले त्या दिवशी. शहराचा पन्नासावा वाढदिवस होता. हार्डिंग उठले आणि कृष्णवर्णीयांच्या मताधिकारावर बोलले. श्रोते वर्णानुसार वेगळे बसवलेले. एका बाजूनं जल्लोष, दुसरीकडं चिडीचूप. १९०१ च्या राज्यघटनेनं तिथल्या बहुतेक कृष्णवर्णीयांचं मत काढून घेतलं होतं. ज्यांच्या पाठीवर कापूस लादून हे राज्य उभं राहिलं, त्यांची नाण्यावर खूणही नाही.

एवढ्याशा चकतीवर जागा ती किती, हे मान्य. पण किल्बीसाहेबांपुरती ती बरोबर निघाली.