पटाचा दिवस, दंडारीची रात्र

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल. पहिला १५ एप्रिल २०१४ चा, दुसरा ७ मे २०१४ चा. मध्ये अवघे बावीस दिवस.

पहिल्या निकालाने तृतीयपंथीयांचा स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. दुसऱ्याने तामिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यती बंद केल्या. दोन्ही खंडपीठांवर न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन होते. दुसरा निकाल दिल्यानंतर आठवडाभरात ते निवृत्त झाले. दोन्ही निकालांचा आधार राज्यघटनेतील एकविसावा अनुच्छेद, म्हणजे प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क. एकदा तो माणसाच्या बाजूने वाचला गेला, एकदा बैलाच्या.

कायद्याच्या पुस्तकात ही दोन प्रकरणे वेगवेगळ्या प्रकरणांखाली येतात. पूर्व विदर्भात मात्र त्यांचे मैदान एकच आहे. जिथे दिवसा बैल धावत, त्याच गावात, त्याच गर्दीपुढे, रात्री पुरुष लुगडे नेसून नाचत असे. हा धागा त्या मैदानाचा आहे, आणि तिथून नागपूरच्या संविधान चौकापर्यंतच्या वाटेचाही.

आधी पटाविषयी. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांना 'बैलगाडा शर्यत' ठाऊक असते. विदर्भात तिला शंकरपट म्हणतात, आणि बोलताना नुसता 'पट'. धानाची कापणी आटोपली, हातात थोडा पैसा आला, थंडी पडली की पटाचे दिवस येतात. भंडारा जिल्ह्यातील लाखनीचा पट प्रसिद्ध आहे. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचाही. तळेगावला तर स्त्रियाही जोडी हाकतात, आणि ते पाहायला लोक दूरदूरहून येतात. पट म्हणजे केवळ शर्यत नव्हे. लेकी माहेरी येतात, जावयांना निमंत्रणे जातात, सोयरिकी जमतात, बैलांचे सौदे होतात. एका गावाचा पट म्हणजे आसपासच्या गावांचे संमेलनच.

एवढे पाहुणे गावात आले तर रात्री काय करायचे? झाडीपट्टीने, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाने, या प्रश्नाचे उत्तर म्हणून एक अख्खी रंगभूमी उभी केली. पटाच्या आणि मंडईच्या निमित्ताने रात्री उशिरा सुरू होणारे नाटक पहाटेपर्यंत चालते. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या नाटक कंपन्यांचे केंद्र. अनुदानाच्या आशेवर न राहता तिकिटाच्या पैशावर जगणारी ही रंगभूमी आहे. तिचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईच्या अनेकांनी तिचे नाव प्रथमच ऐकले असावे.

नाटकाच्या आधी या मुलखात दंडार होती, खडी गंमत होती. दोन्हींत स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. खडी गंमतीत डफ, ढोलकी, तुणतुणे यांच्या साथीने उभ्याउभ्याने सादरीकरण चाले आणि त्याचा प्राण असे नाच्या. लुगडे, कपाळावर कुंकू, पायात चाळ, आणि समोर रात्रभर हलायला तयार नसलेली गर्दी. त्या गर्दीत दिवसा पटावर जोड्या हाकणारेही असत. नाच्याच्या अदाकारीला दाद देताना त्यांना संकोच वाटत नसे.

इथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. लुगडे नेसणारा प्रत्येक नट समलैंगिक किंवा पारलिंगी होता असे म्हणणे चुकीचे ठरेल. बहुतेकांचा संसार होता, शेती होती. लुगडे हा त्यांच्या कलेचा वेश होता. गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवर जुन्या लोककलेचे छायाचित्र टाकून 'पाहा, आपले पूर्वज किती उदार होते' असे लिहिण्याची जी लाट आली आहे, ती इतिहासाला फारशी उपयोगाची नाही. मात्र उलट टोकही तितकेच पोकळ आहे. त्या नटांपैकी कुणालाच लुगड्यात आपले खरे रूप दिसले नसेल असे कोण छातीठोकपणे सांगेल? दप्तरात अशा गोष्टींची नोंद होत नाही. नोंद होते ती शिक्षेची, खर्चाची आणि तक्रारीची.

एवढे मात्र निश्चित म्हणता येते, की परवानगीला वेळेची आणि जागेची मर्यादा होती. लुगड्याची मुभा रंगमंचापुरती आणि रात्रीपुरती. पहाटे रंग पुसला की नाच्या पुन्हा कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी नवरा होई. ज्याला रंग पुसायचा नव्हता, त्याच्यासाठी गावात जागा नव्हती. त्याला गाव सोडून हिजड्यांच्या घराण्यात, गुरूच्या छायेत जावे लागे.

ही मर्यादा केवळ गावाने घातली होती असे नाही. मराठा राज्यव्यवस्थेत हिजड्यांना भिक्षेचा परंपरागत हक्क आणि काही ठिकाणी इनामेही होती, हे मुंबई इलाख्याच्या एकोणिसाव्या शतकातील सरकारी पत्रव्यवहारातून दिसते. हा हक्क गुरूकडून चेल्याकडे जाई. कंपनी सरकारला हे मान्य होणे शक्य नव्हते. ते हक्क क्रमाने संपवले गेले. मग आला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याचा पहिला भाग जमातींचा, हे सर्वांना ठाऊक असते. दुसरा भाग 'नपुंसकां'चा होता, आणि तो पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. त्यानुसार नाव नोंदवलेल्या व्यक्तीने सार्वजनिक रस्त्यावर किंवा रस्त्यावरून दिसेल अशा ठिकाणी स्त्रीचा वेश केला, दागिने घातले, नाच-गाणे केले, तर वॉरंटशिवाय अटक करता येई. या भागाची अंमलबजावणी मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत झाली; नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते. पण कायद्याची शब्दरचना पाहण्यासारखी आहे. वेशापेक्षा त्याचे 'दिसणे' हा गुन्हा. रस्ता, उजेड आणि पाहणारे डोळे यांच्याशी सरकारचे भांडण होते. २०१४ च्या एप्रिलमधील निकालात न्यायालयाने या कायद्याचा उल्लेख केला आहे. तो भाग मुळातून वाचावा.

आता थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. तिथेही पटासारखीच एक गोष्ट आहे: रोडिओ. गुराखी आपले कसब मैदानात दाखवतात. उसळत्या बैलावर काही सेकंद बसून राहणे, धावत्या वासराला दोरीच्या फासात पकडणे. पटाप्रमाणेच तोही मर्दानगीचा उत्सव मानला जातो. नेव्हाडा राज्यातील रेनो या शहरात फिल रॅग्सडेल नावाच्या गृहस्थाने समलैंगिकांचा रोडिओ भरवायचे ठरवले. मैदान मिळाले, पण जनावरे मिळेनात. आसपासच्या पशुपालकांनी भाड्याने द्यायला नकार दिला. अखेर एका पशुपालकाने जनावरे विकायची तयारी दाखवली: पाच गाई, दहा वासरे, एक डुक्कर आणि एक शेटलंड तट्टू. ऑक्टोबर १९७६ मध्ये एवढ्या सामग्रीवर स्पर्धा झाली. सव्वाशेच्या आसपास लोक सहभागी झाले आणि स्नायूंच्या दुर्धर विकारासाठी काम करणाऱ्या संस्थेला २१४ डॉलर मिळाले. रक्कम मोठी नव्हती. पण त्यातून पुढे राज्याराज्यांत मंडळे उभी राहिली आणि १९८५ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आजही तिच्या स्पर्धा प्रादेशिक पातळीवर, शनिवार-रविवार गाठून भरतात.

या रोडिओत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, कोणत्याही प्रकारात स्त्री-पुरुष असा भेद नाही. बाई बैलावर बसू शकते. तळेगाव दशासरच्या प्रेक्षकांना यात फारसे नवल वाटणार नाही. दुसरी, नेहमीच्या कसबांबरोबर काही निव्वळ धमाल प्रकार असतात. एकात दोघांनी मिळून शेळीला चड्डी घालायची असते. दुसऱ्यात तिघांचा चमू एका गोऱ्ह्याला रेषेपलीकडे नेतो आणि त्या तिघांतला एकजण स्त्रीवेशात असतो; परत येताना त्याने गोऱ्ह्यावर स्वार व्हायचे असते. म्हणजे दंडारीतला नाच्या भर दुपारी पटाच्या मैदानात उतरल्यासारखेच. विदर्भाने दिवस आणि रात्र यांच्यात जी भिंत घातली होती, ती रेनोत नेमकी पाडली गेली.

ही भिंत सहज पडली असे मात्र नव्हे. १९८८ साली नेव्हाडातीलच फॅलन येथे होणारी अंतिम स्पर्धा स्थानिक प्रशासनाने न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवून रोखली. त्यातच तो एड्सचा काळ होता. रोडिओच्या मंडळांनी जमवलेला पैसा रुग्णांच्या शुश्रूषेकडे वळला. शेळीला चड्डी घालण्याच्या खेळातून कुणाच्या तरी औषधाची सोय होत होती.

नेमके इथेच नागपूर जवळ येते.

भारतात समलैंगिक आणि तृतीयपंथी यांच्या संघटना अनेक शहरांत उभ्या राहिल्या त्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातून. नागपुरात हे काम सारथी ट्रस्ट करीत आली आहे. निरोध वाटणे, तपासणीसाठी माणसांना सोबत नेणे, पोलीस ठाण्यात अडकलेल्या कुणासाठी धावणे, असे या कामाचे स्वरूप. त्याला उत्सवाचे रूप नाही. पण वर्षानुवर्षे याच कामामुळे बागेच्या कोपऱ्यात किंवा स्थानकाच्या आसपास चोरून भेटणारी माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. भेटीची जागा कार्यालयाची खोली झाली, आणि वेळ दिवसाची. संघटनेचा इतिहास लिहिताना मोर्चाच्या छायाचित्रापासून सुरुवात करण्याचा मोह होतो. खरे तर तो या खोलीपासून लिहायला हवा.

२०१६ साली नागपुरात पहिली अभिमान पदयात्रा निघाली. संत्र्यांच्या शहराला साजेसे तिचे नाव: ऑरेंज सिटी एलजीबीटी प्राइड. कोलकात्यात १९९९ मध्ये मोजक्या पंधरा माणसांनी अशी पदयात्रा काढली होती. मुंबई, पुणे पुढे गेली होती. नागपूर उशिरा आले असे म्हणता येईल. पण तेव्हाची कायदेशीर स्थिती आठवावी. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये कलम ३७७ ला घातलेली मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी उठवली होती. चारच महिन्यांनी तृतीयपंथीयांचा निकाल आला. म्हणजे २०१६ मध्ये रस्त्यावर उतरलेल्यांपैकी काहींची ओळख न्यायालयाने मान्य केलेली होती, पण त्यांचे प्रेम गुन्हा होते. तेच न्यायालय, तेच शहर, तीच माणसे. काहींनी चेहऱ्यावर मुखवटे चढवले असतील तर त्यात आश्चर्य कसले? एरवी नागपूरला मिरवणुकीचे वावडे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींच्या मागे अर्धे शहर लोटते. पण मारबतीच्या गर्दीत चेहरा हरवतो, पदयात्रेत तो ओळखला जातो.

या पदयात्रेचे नाते जडले ते संविधान चौकाशी. रिझर्व्ह बँकेसमोरच्या या चौकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि शहरातील बहुतेक मोर्चे, धरणी, निषेध यांची ती जागा आहे. दीक्षाभूमीच्या शहरात ही निवड केवळ सोयीची नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंनी इथे आपली लादलेली ओळख टाकून नवी स्वीकारली, तीही उघड्या मैदानावर, भर दिवसा. त्या घटनेशी बरोबरी सांगण्याची गरज नाही, आणि सांगूही नये. पण ज्या शहराने ती पाहिली, तिथे आपली ओळख चौकात उभे राहून सांगण्याला एक पूर्वपीठिका आहे.

कलम ३७७ चा प्रश्न ६ सप्टेंबर २०१८ रोजी सुटला. बैलांचे प्रकरण अधिक लांबले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती पक्की केली. मधल्या काळात झाडीपट्टीचे नाटक थांबले नाही. मंडईच्या आधाराने ते चालत राहिले, आता बहुतेक ठिकाणी स्त्रियाच स्त्रियांच्या भूमिका करतात. नाच्याची जागा रंगमंचावरूनही आक्रसली आहे, आणि या बदलाचा हिशेब मांडायचा तर उरलेल्या वृद्ध कलावंतांशी आताच बोलायला हवे. हे काम कुणीतरी हाती घ्यावे.

२०१४ च्या एप्रिलमधला तो निकाल ज्या याचिकेवर आला, ती राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची होती. याच प्राधिकरणाच्या रचनेत जिल्ह्याजिल्ह्यांत लोकन्यायालये भरतात. दावे तडजोडीने मिटवण्यासाठी तिथे न्यायाधीशांसोबत पॅनेलवर वकील आणि सामाजिक कार्यकर्ते बसतात. २०१८ मध्ये, कलम ३७७ अजून लागू असतानाच, नागपूरच्या लोकन्यायालयात पॅनेलच्या सदस्य म्हणून विद्या कांबळे बसल्या. त्या तृतीयपंथी समाजातल्या कार्यकर्त्या. समोर पक्षकार, बाजूला वकील, टेबलावर गठ्ठ्याने फायली. लोकन्यायालयाचे कामकाज दिवसा चालते.