तित्तराची हाक

परवा अमेरिकेतून पुतण्याचे पत्र आले. गेली वीस वर्षे तो तिकडे पेनसिल्व्हेनियात आहे. संगणकापलीकडे कशाशी फारसे न बोलणारा हा मनुष्य या खेपेस लिहितो, "काका, सध्या मी टर्कीशी बोलायला शिकतो आहे!" सौभाग्यवतींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले.

खुलासा पुढे होता. टर्की म्हणजे तिकडच्या रानातला, मोरासारखा पिसारा फुलवणारा मोठा पक्षी. वसंतात मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलवायचे, ही तिथल्या शिकारीची रीत. लाकडी डबीच्या कडेवर खडू लावलेले झाकण घासून किंवा पाटीच्या तुकड्यावर काडी फिरवून तो आवाज काढतात. गावातल्या मुलांना ही विद्या शिकवायची म्हणून आमचे पुतणेबुवा आधी स्वतः गिरवत होते. शेवटी विचारले होते, "लहानपणी डहाणूकडे तुम्ही तित्तरं बोलवायचात म्हणे. पोरांना पहिला धडा कोणता देऊ?"

वाचता वाचता माझा हात नकळत डाव्या भुवईकडे गेला.

ते १९५९ साल असावे. तो मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. डहाणू-तलासरीच्या बाजूला एका गवताच्या वखारीत वडील कारकून होते. वारली मजूर माळावरचे गवत कापीत आणि त्याच्या गाठी मुंबईच्या तबेल्यांकडे जात. वखारीचा राखणदार एक म्हातारा वारली होता. त्याचा नातू माझा सवंगडी. म्हणून मीही त्याला आजाच म्हणे.

आजा तोंडाने तित्तर बोलवी. तित्तराचे नावच त्याच्या हाकेतून आले आहे. पण "तित्तर, तित्तर" असे ओरडून तो येत नाही, हे मला महिनाभराच्या घसाफोडीनंतर कळले. आधी एक-दोन तुटक सूर, मग चढत जाणारी "क-टी-तर, क-टी-तर", आणि मग गप्प बसणे. ही गप्प बसण्याची वेळच अवघड. आपल्या हद्दीत दुसरा नर ओरडला असे वाटून खरा तित्तर मान ताठ करून भांडायला निघतो. त्याचे नाक मंद, पण डोळा तीक्ष्ण. म्हणून झाडाला पाठ लावून बसायचे आणि पापणीदेखील बेताने हलवायची. अंड्यांच्या दिवसांत हाक मारायची नाही, हा आजाचा नेम होता.

दिवाळीच्या सुमारास गवत छातीइतके वाढले होते. एके पहाटे आजाला न सांगता मी एकटाच माळावर गेलो आणि गवतात बसून हाक देऊ लागलो. समोरून उत्तर आले! मी हरखून पुन्हा हाक दिली. उत्तर जवळ आले. गवत हलले, आणि त्याच क्षणी बेचकीतला गोटा माझ्या भुवईवर बसला. तो नातूही एकटाच आला होता. आम्ही दोघे एकमेकांना तित्तर समजून बोलवीत होतो.

जखम बोटभर खाली असती तर डोळा गेला असता. घरी आईने दशरथाची आणि श्रावणबाळाची गोष्ट सांगून डोळे पुसले. आजा मात्र रागावला नाही. आम्हा दोघांना समोर बसवून त्याने एवढेच विचारले, "तित्तर कोणी पाहिला होता?"

आम्ही खाली पाहिले. त्या दिवसापासून बेचकी वखारीच्या आढ्याला टांगली गेली. पुढचा सबंध हिवाळा आम्ही रिकाम्या हातांनी हाका मारल्या. आलेला नर की मादी, एकटा की जोडीने, हे आजाला सांगावे लागे. अंदाज चालत नसे.

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची शिकारही उरली नाही. ते योग्यच झाले. आजा केव्हाच गेला. त्याची हाक तेवढी माझ्या घशात राहिली आहे.

गंमत अशी की, पुतण्याने पाठवलेल्या तिकडच्या नियमांत आजाच बोलत होता. खांद्यांहून रुंद झाडाला पाठ लावून बसा. तांबडे, पांढरे, निळे कपडे घालू नका, कारण नर टर्कीच्या डोक्याचे रंग तेच. आवाजावर किंवा हालचालीवर बंदूक झाडू नका. तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचाही असेल.

मी उत्तर धाडले : "पहिल्या दिवशी बंदुका घरी ठेव. पोरांना हाक मारू दे. जो येईल तो पुरता दिसेपर्यंत त्यांना बसवून ठेव आणि मग एकेकाला विचार, काय पाहिलंस?"

यंदा नातीला घेऊन डहाणूकडे जाण्याचा बेत आहे. हाक अजून जमते का, पाहायचे आहे. सौभाग्यवतींची अट एकच : सराव घरात करायचा नाही.